बोयाला लावलेली तीट

गोरक्षनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण समुद्रात तरंगायला निघालेला भलामोठा बोया त्यानंच जोडला होता. १९८४ साली सातपूरच्या एका कारखान्यात हे काम आलं. समुद्राच्या तळाशी नांगर, नांगराला साखळी, साखळीला बोया आणि बोयाच्या खांबावर वारा नि हवेची उष्णता मोजणारी यंत्रं. समुद्र हवेला किती ऊब देतो आणि त्यावर पाऊसपाणी कसं ठरतं, हे शास्त्रज्ञांना शोधायचं होतं. वेल्डिंग सगळं गोरक्षचं. त्याच्या जोडीला काम करणाऱ्या सहादूनं नुसते खांबाचे नटबोल्ट आवळले. आणि बोटीवर जायला साहेबांनी निवडलं कोणाला, तर सहादूला! का, तर म्हणे त्याला पोहता येतं. गोरक्षच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पाठवणीच्या दिवशी नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं. सहादूच्या बायकोनं, कुसाबाईनं, डांबरात बोटं बुडवून खांबावरच्या पांढऱ्या पेटीला चांगली तळहाताएवढी तीट लावली.

"कोनाची नजर नको लागाया," ती म्हणाली आणि बघितलं नेमकं गोरक्षकडं. सगळे फिदीफिदी हसले.

सहादू परतला तो उठताबसता समुद्राच्याच गोष्टी सांगू लागला. टपरीवर त्याचा आवाज ऐकला की गोरक्ष चहा न पिताच माघारी फिरायचा.

पावसाळा सरल्यावर ती पेटी घेऊन एक शास्त्रज्ञ कारखान्यात आले. चांगलेच तापले होते.

"हिच्यात हवेचा तापमापक असतो. या काळ्या डागानं ऊन ओढलं, दुपारचे सगळे आकडे फुकट गेले. कुणी फासलं हे?"

सहादूनं मान खाली घातली. दुसरा बोया तयार होत होता आणि त्याच्याबरोबर कोण जाणार, ते अजून ठरायचं होतं.

"सहादूच्या बायकोनं," गोरक्ष म्हणाला. "आन् यानं बोटीवर बघूनबी पुसलं नाय."

जागा गोरक्षला मिळाली.

ट्रक निघायच्या वेळी सहादू धावत आला. शिव्या खायची गोरक्षची तयारी होती. सहादूनं त्याच्या हातात आवळासुपारीची पुडी कोंबली.

"बोटीवर लय मळमळतं, गोरख. ही चघळत ऱ्हाय. आन् पहाटं उठून बघ, समुद्र कसा उजाडतो ते."

ट्रक हलला. समुद्र मिळाला होता, सहादू मागं राहिला होता, आता तरी जीव थंड व्हायला हवा होता. पण फाटकाशी हात हलवणाऱ्या त्या माणसाकडं बघताना गोरक्षच्या पोटात पुन्हा तीच आग पेटली. एवढं मोठं मन यालाच का मिळालं?