ओसाड डोंगरावरचा कुकारा

अकलोलीजवळच्या त्या राखीव डोंगराला ज्याने कागदावर ‘ओसाड’ लिहिलं, त्याने तो गाडीची काच खाली न करताच पाहिला असणार. या एका शब्दाच्या जोरावर डोंगर कापून गोदामांसाठी रस्ता काढायचा होता आणि दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत त्याला मंजुरी घ्यायची होती. विरोधात बोलणार होते मी. पाड्यापाड्यावर पत्रकं वाटली होती. पण पाड्यातली माणसंच सभेला आली नाहीत, तर भिवंडीहून आलेल्या एकटीला कोण विचारतो?

म्हणून एप्रिलच्या भर दुपारी एकटीच डोंगर चढायला निघाले. ज्याच्यासाठी भांडायचं तो आधी पायाखालून तरी घालावा. आई म्हणाली, “लोक या उन्हात सावली शोधतात, आमची बाई डोंगर शोधते!”

सागाची वाळकी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. झाडं उघडी, दगड तापलेले, ओढ्यात नुसती वाळू. पहिल्या चढावर मलाही वाटलं, लिहिणाऱ्याचं फार काही चुकलं नाही. वळण घेतलं तर समोर कुसुंब, अख्खा लालभडक पालवीने पेटलेला. पुढे कुड्याची पांढरी फुलं. करवंदं हिरवीच होती, तरी खाल्ली, दात आंबले. वाळूत मोराच्या पायांचे ठसे होते. ओसाड म्हणे! ज्याला हे ओसाड दिसतं, त्याच्या बंगल्यातल्या प्लास्टिकच्या झाडांना मी काय म्हणू?

माथ्यावर पोहोचले तेव्हा अंगात एवढा जोर चढला होता, की खडकावर उभं राहून उद्याचं भाषण म्हणायलाच सुरुवात केली. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. आमच्या घरी मीठ मागतानाही घोषणा दिल्यासारखं वाटतं.

खालून उत्तर आलं, “कूऽऽ!”

हा कुकारा. जंगलात माणसं एकमेकांना अशी साद घालतात, एवढं मला ठाऊक होतं. मीही तोंडाशी हात धरून दिला एक. परत आला. परत दिला. मग थांबलेच नाही. एवढा प्रतिसाद मला आजवर कुठल्याच सभेत मिळाला नव्हता!

थोड्या वेळाने झाडीतून एक म्हातारी, मागोमाग दोन बाप्ये धापा टाकत वर आले. एकाकडे दोर, म्हातारीच्या हातात पाण्याची बाटली.

“कुठं मोडलाय?” म्हातारीने विचारलं.

“काय, मावशी?”

“पाय! एक कुकारा, एक जवाब, म्हंजे सगळं बरं हाय. जो वरडतच ऱ्हातो तो अडकलेला. तू तं थांबतच न्हाय!”

“मी भाषणाची तयारी करत होते.”

दोरवाला खालीच बसला. “भाषण? आनि आमी तुला उचलून न्यायला आलो!”

तिघंही असे हसले, की मला माझा राग कुठे ठेवावा कळेना. मी पाणी प्यायले आणि लगेच मुद्द्यावर आले. “उद्या सभेला येताय ना? पत्रक मिळालं असेल.”

“मिळाला ना,” मावशी म्हणाली. “चूल लगेच पेटली.”

“मावशी, त्यात सगळं लिहिलं होतं!”

“आगं, मोवाची फुलं येचायची सोडून सभेच्या दारात कोन बसनार? साहेब बोलावतात सकाळी, येतात दुपारी. तू सभेलाच हाय ना? मंग आमचा इषय निघाला का वरड. कागदं कशाला वाटते?”

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या सतरंजीवर रस्त्याच्या बाजूची, इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं तेवढी होती. रस्त्याचा विषय पुकारला गेला आणि मी उठून बाहेर पडले. मागून कुणीतरी म्हणालं, “ताई पळाल्या वाटतं!”

मी पायरीवर उभी राहिले, डोंगराकडे तोंड केलं आणि कुकारा दिला. जवाब आला. मी थांबले नाही. घसा फाटेपर्यंत देत राहिले.

उतारावरून माणसं येताना दिसली तेव्हा आत सतरंजी कमी पडेल, याचीच काळजी सुरू झाली. मोहाच्या टोपल्या दाराशी ठेवून बाया पुढच्या रांगेत बसल्या. मावशीने आत शिरताना माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

“बस आता,” ती म्हणाली. “तुझा घसा बसला. आमी बोलतो.”