मध्यंतरापर्यंतचा समीक्षक

आयुष्यभर चित्रपटांवर अधिकारवाणीने लिहून, एक अपवाद सोडला तर, एकाही चित्रपटाचा शेवट न पाहिलेला समीक्षक साऱ्या जगात एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. अमरावतीच्या एका दैनिकात दर रविवारी त्यांचं परीक्षण येतं. त्यातली वाक्यं भल्याभल्या प्राध्यापकांनी आपली म्हणून खपवलेली मी ऐकली आहेत. पण गृहस्थ मूळचा भातकुलीचा, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि झेंडू पिकवणारा. दर शुक्रवारी माल घेऊन अमरावतीच्या बाजारात यायचं, संध्याकाळपर्यंत तो विकायचा आणि रिकामी टोपली बगलेत मारून सहाच्या खेळाला टॉकीजमध्ये शिरायचं, हा त्यांचा शिरस्ता. अंधारात सांभाराचा वास आला की समीक्षक आले, हे आजूबाजूच्यांना न पाहता कळायचं. भातकुलीची शेवटची एसटी मात्र सिनेमा संपायच्या आधी सुटायची. त्यामुळे मध्यंतराचे दिवे लागले की हे टोपली उचलायचे आणि निमूट स्टँडकडे चालू लागायचे.

उरलेला सिनेमा घरी व्हायचा. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, शनिवारच्या हारांसाठी झेंडू ओवत बसलेली असायची. साडू जेवता जेवता पूर्वार्ध सांगायचे. सांगायचे कसले, नायकाच्या चालण्यापासून खलनायकाच्या खोकल्यापर्यंत सगळं करून दाखवायचे. मध्यंतर आलं की हात धुवायला उठायचे आणि परत येऊन म्हणायचे, "हं, आता तू सांग." आणि ताई सुईवरची नजर न हलवता उत्तरार्ध सांगायची. टॉकीजच्या अंधारात तिला मळमळायचं, म्हणून ती कधी तिकडे फिरकली नाही. पण तिचा एक नियम होता. पूर्वार्धात दिसलेल्या कुणालाही ती वाऱ्यावर सोडायची नाही. "अवो, ते म्हातारं दवाखान्यात होतं ना? त्याले डबा कोन नेऊन राहिलं?" असं ती विचारायची, आणि मग नायक-नायिकेला गाणं अर्धवट टाकून डबा घेऊन जावं लागायचं. मी अकोल्यात शाळामास्तर, सुट्टीत तिथे असलो की मीही ऐकत बसायचो. तेच सिनेमे पुढे मी अकोल्यात तिकीट काढून शेवटपर्यंत पाहिले आणि दर वेळी फसवल्यासारखं वाटलं.

या पद्धतीने एकदा मोठा घोटाळा केला. नवऱ्याच्या शोधात शहरात गेलेल्या एका पोरीचा सिनेमा होता. ताईने त्या पोरीला शेवटी माहेरी आणलं आणि दारातल्या शेळीने तिला ओळखलं. साडू इतके हेलावले की पडद्यावर काय आणि घरात काय हा भेद विसरून त्यांनी तो प्रसंग सरळ परीक्षणात लिहिला, 'शेळीचा तो हंबरडा काळजात घर करतो' अशा शब्दांत. प्रत्यक्षात त्या सिनेमात पोरगी मरते, आणि शेळी पहिल्या प्रसंगानंतर दिसत नाही. परीक्षण वाचून आलेल्या बायका खेळ संपला तरी खुर्च्या सोडेनात. शेळी दाखवल्याशिवाय उठणार नाही म्हणाल्या. मॅनेजरचा संपादकांना फोन गेला आणि संपादकांनी साडूंना बोलावून घेतलं. मी त्या दिवशी सोबत होतो. "ही शेळी तुम्ही कुठून आणली?" असं त्यांनी विचारताच साडू अतिशय गंभीरपणे म्हणाले, "शेळी पयल्याच सीनमधी होती साहेब. डायरेक्टर तिले विसरला. आमची मंडळी नाई विसरली."

संपादक भला माणूस. त्यांनी सदर काढलं नाही, फक्त उत्तरार्धावर एक अक्षर लिहायचं नाही अशी अट घातली. तेव्हापासून प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी 'पुढे काय होते ते रसिकांनी स्वतः पाहावे' हे वाक्य येऊ लागलं, आणि शेवट न फोडणारा सुसंस्कृत समीक्षक अशी त्यांची ख्याती झाली. पुढे साडूंनी मोटारसायकल घेतली. एसटीचं कारण संपलं. मला वाटलं, आता तरी पूर्ण सिनेमा पाहतील. पण ते मध्यंतरालाच उठत राहिले. मी छेडलं तेव्हा म्हणाले, "मास्तर, मी समदा पाहून गेलो तर तुमची ताई काय सांगन मले?"

गेल्या हिवाळ्यात ताईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. उपचारांसाठी तिला अकोल्याला आणलं, आणि दवाखान्यातून सुटल्यावर ती आमच्याच घरी खिडकीजवळच्या पलंगावर राहिली. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, एखादा शब्द फुटला तर पुढचे फुटतील. साडू बोलत राहिले. वांग्यांबद्दल बोलले, पाहुण्यांबद्दल बोलले, जुने सिनेमे मध्यंतरापर्यंत सांगून पाहिले. मध्यंतर आलं की ते थांबायचे आणि ताई भिंतीकडे बघत राहायची. मग त्यांनी सदरच बंद करतो असं संपादकांना कळवून टाकलं. "मले अर्धंच येते मास्तर," ते म्हणाले, "बाकीचं तिचं होतं." त्या माणसाला इतकं रिकामं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

शेवटी मीच म्हटलं, भाऊ, या वेळी पूर्ण पाहा आणि शेवट तुम्हीच तिला सांगा. दुपारच्या खेळाला आम्ही दोघं गेलो. एक पोरगा बहिऱ्या बापाला एसटी स्टँडच्या बाकावर बसवतो, 'आत्ता येतो' असं खुणेनं सांगतो आणि शहरातल्या भानगडींत अडकतो, अशी गोष्ट होती. मध्यंतर झालं आणि साडू सवयीने उठले. मी शर्ट धरून त्यांना बसवलं. उरलेला वेळ ते परक्याच्या घरात शिरल्यासारखे अंग चोरून बसले होते. शेवटी नायकाचं बर्फाच्या डोंगरावर लग्न झालं, गाणं झालं आणि दिवे लागले.

घरी येऊन त्यांनी पलंगाशी स्टूल ओढलं आणि सांगायला सुरुवात केली. बाप झाले, पोरगा झाले, बाकही झाले. मध्यंतराशी ते थांबले, ताईकडे पाहिलं आणि नाइलाजाने पुढे निघाले. मारामारी सांगितली, बर्फ सांगितला, लग्न लावलं. "झालं. संपला," असं पडलेल्या आवाजात म्हणाले. ताईने भिंतीकडची मान वळवली. तिच्या कपाळाला आठी पडली. ओठ बराच वेळ नुसते हलले आणि मग घोगरा, वाकडा, पण स्पष्ट शब्द आला.

"बाप?"

माझी बायको स्वयंपाकघरातून धावत आली. साडू हसत होते आणि डोळे पुसत होते. "तेच तं! मीबी तेच म्हनून राहिलो!" ते म्हणाले. "सांग ना, त्या बापाचं काय झालं?" ताईने पुन्हा ओठ हलवले, पण तेवढ्यानेच ती दमली होती. तिचा डावा हात धरून ते तिथेच बसून राहिले.

सदर बंद करायचा बेत साडूंनी सोडला आणि त्या रविवारी परीक्षण छापून आलं. मध्यंतरापर्यंतचं सगळं नेहमीसारखं होतं, फक्त शेवटचं वाक्य बदललेलं होतं: 'बाप अजून बाकावर बसलेला आहे. त्याला घ्यायला कोण जाणार, ते आमच्या घरी अजून ठरायचे आहे. वाचकांनी थोडे थांबावे.' त्याला आता बरेच दिवस झाले. ताई आणखी चार-दोन शब्द बोलते, पण बापापर्यंत अजून पोचलेली नाही. साडू रोज संध्याकाळी हात धुऊन येतात, स्टुलावर बसतात आणि म्हणतात, "हं, आता तू सांग."