सात अहोरात्र

“ही तिकडे जाऊन बोलणार कुणाशी?” मी एअरपोर्टवर ट्रॉली ढकलत होते, तेव्हा आत्या, तू बाबांना हळूच विचारलंस. मला ऐकू आलं होतं. बाबा एवढंच म्हणाले, “वेळ आली की बोलेल.”

दोन वर्षं ती वेळ आली नाही. ब्रिस्टलच्या लॅबमध्ये आम्ही पंप तपासतो. मीटिंगमध्ये मी नोट्स घ्यायचे, सुचलेलं नंतर ईमेलने पाठवायचे.

यंदा डेन्मार्कचा एक पंप आला. सात दिवस-रात्र तो न थांबता चालवायचा, दर पाच मिनिटांनी गळती बघून नोंदवायची. चौथ्या दिवशी शिफ्ट बदलताना वीस मिनिटांच्या नोंदी राहिल्या आणि टेस्ट बाद झाली. आता एकच संधी उरली होती.

“दिवस आणि रात्र मिळून जे होतं, त्याला इंग्लिशमध्ये शब्दच नाही,” लंचला मेटे वैतागली. टीममधली ती एकटीच डॅनिश. “ट्वेंटी-फोर अवर्स म्हणायचं, औषधाच्या बाटलीवर असतं तसं! आम्ही ‘डॉइन’ म्हणतो.” जुन्या नॉर्स भाषेत म्हणे हा शब्द अर्ध्याचाच होता, नुसता दिवस किंवा नुसती रात्र. दर्यावर्दी त्यात प्रवास मोजायचे. पुढे दोन्ही अर्धी जोडून एक झाली.

मला बाबांच्या गावातल्या हरिनाम सप्ताहाचा फलक आठवला, ‘अखंड अहोरात्र’. इंग्लिश मीडियमची मी तो अक्षरं जुळवत वाचला होता आणि तू पदर तोंडाला लावून हसली होतीस. पण वीणा मी नीट पाहिली होती. सात दिवस ती खाली टेकवायची नाही. पुढच्या पहाऱ्याचा माणूस आधीच येऊन उभा राहतो. वीणा त्याच्या गळ्यात गेली, दोघं एकमेकांच्या पाया पडले, की मगच पहिला घरी जातो.

आमच्या रोटात, म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकात, एक सहाला निघायचा, दुसरा सहाला यायचा. दोन अर्ध्यांमध्ये जोडच नव्हता. मी नवा रोटा केला. येणाऱ्याने अर्धा तास आधी यायचं, नोंदींचा टॅब्लेट हातात घ्यायचा, मगच पहिल्याने निघायचं. नेहमीसारखा मॅनेजरला ईमेल केला.

पंप सात अहोरात्र चालला. एकही नोंद चुकली नाही. स्क्रीनवर डेन्मार्कची माणसं टाळ्या वाजवत होती. “शिफ्टची ही कल्पना कुणाची?” त्यांच्यातल्या एकीने विचारलं.

“टीमची,” मॅनेजर म्हणाला.

मेटेने टेबलाखालून मला ढोसलं. मी नोट्सची वही मिटली.

“माझी,” मी म्हणाले. “माझ्या गावात असंच करतात.”