कुठं, कधी, कशानं

जखम बघितली की माणूस खोटं बोलतोय का, ते लंकाबाईला कळायचं. मोटारसायकलवरून पडलेल्याचा कोपर सोलतो, गुडघा सोलतो, त्यात खडी अडकते. पण तळहातावर एकच आडवी, स्वच्छ चीर असेल तर त्या माणसानं कुणाचं तरी पातं हातानं अडवलेलं असतं. नाशिकच्या एका सरकारी दवाखान्यात, अपघात विभागात, ती अकरा वर्षं आया होती. जखम धुवायची, डॉक्टर टाके घालताना पेशंटचा हात धरून ठेवायचा, रक्ताचे कपडे पिशवीत भरायचे. सगळे तिला मावशी म्हणत. पेशंट म्हणायचा, "गाडीवरून पडलो," आणि कागदावरही तेच उतरायचं. तक्रार नाही म्हणजे गुन्हा नाही. लंकाबाई कापूस भिजवत गप्प राहायची. विचारलंच नाही कुणी, तर सांगणार कुणाला?

विचारणारा आला तो दोन हजार सालच्या दिवाळीनंतर. देवरे नावाचा फौजदार, सटाण्याकडचा, अंगानं किडकिडीत. तीन दिवस तो बाकावर नुसता बसून होता. चौथ्या दिवशी चहाचे दोन कप घेऊन तिच्यापाशी आला.

"मावशी, आमच्या दप्तरात गेल्या वर्षभरातल्या हत्यारांच्या मारामाऱ्या किती आहेत, सांगू? एकसष्ट. तुम्हाला किती वाटतात?"

"एकसष्ट?" लंकाबाईच्या तोंडून निघून गेलं. "साहेब, एवढ्या तर यंदा गणपती ते दिवाळीत झाल्या."

देवरे हसला नाही. "तेच म्हणतोय मी. आमची गाडी उभी असते द्वारका चौकात, कारण तिथले दुकानदार तक्रारी करतात. ज्यांना खरा मार बसतो ते आमच्याकडे येतच नाहीत, तुमच्याकडे येतात. मला तीनच गोष्टी लिहून द्या. कुठं झालं, कधी झालं, कशानं झालं."

"आणि नाव?"

"नाव नको. नाव लिहिलंत तर उद्या तुम्हाला कुणी खरं सांगणार नाही."

मोठ्या डॉक्टरांनी परवानगी दिली. लंकाबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं शंभर पानी वही आणली आणि कापसाच्या डब्यामागं ठेवली. जखम धुता धुता ती हळूच म्हणायची, "मला तुझं नाव नको, गाव नको. कुठं झालं तेवढं सांग, आणि हात सैल सोड." आश्चर्य म्हणजे पोरं सांगायची. पोलिसापुढं दातखीळ बसलेला पोरगा डेटॉलच्या चटक्यासरशी सगळं बोलून टाकायचा. कोयता, चॉपर, गुप्ती, आणि त्या वर्षी नव्यानं दिसायला लागलेला गावठी कट्टा.

दर शनिवारी ती वही घेऊन ठाण्यात जायची. देवरेच्या खोलीत शहराचा मोठा नकाशा भिंतीला लावला होता. पात्याच्या जखमेला लाल टाचणी, कट्ट्याच्या जखमेला काळी. टाचण्या वाढू लागल्या तशी लंकाबाईची झोप उडाली. घरी ती शेवंतीच्या वेण्या करायला बसायची आणि मध्येच उठून दारात जायची. नवरा गोरक्ष म्हणायचा, "बस की जरा. काय वाट बघते कुणाची?" तिलाही सांगता यायचं नाही.

उन्हाळा लागेपर्यंत नकाशावर चित्र स्पष्ट झालं. द्वारकेला टाचण्या मोजक्याच होत्या. पंचवटीच्या पलीकडे पाटाच्या कडेनं जेमतेम अर्धा किलोमीटरचा रस्ता, तिथं मात्र बोट ठेवायला जागा उरली नव्हती. आणि वेळ जवळजवळ सगळ्यांची एकच, संध्याकाळी साडेसहा ते आठ.

देवरेनं कपाळाला हात लावला. "साडेसहाला आमची गस्तीची ड्युटी बदलते, मावशी. नवीन माणसं येऊन गाडी निघेपर्यंत आठ वाजतात. आम्ही कधी लक्ष दिलं नाही, पण त्यांना पाठ आहे!"

तो पुढंही बोलत होता. लंकाबाईला ते ऐकूच येईना. पाट जिथं वळतो तिथं टाचण्यांचा सगळ्यात दाट पुंजका होता, आणि ते वळण तिला नकाशाशिवायही दिसत होतं. त्या वळणावर गोरक्ष आणि त्याचा धाकटा भाऊ चंदर यांची सव्वा एकर फुलशेती होती. रस्त्याच्या बाजूला चंदरनं पत्र्याची शेड ठोकली होती आणि दोन वर्षांपूर्वी ती एकाला कॅरम क्लबसाठी भाड्यानं दिली होती.

त्या शनिवारी ती काही न बोलता घरी आली. शेडमधून स्ट्रायकरचा टकटक आवाज येत होता. मागच्या बाजूला फुलांची रिकामी पोती रचलेली असायची. एकदा झेंडू भरायला पोतं ओढलं तेव्हा आतून लोखंडाचा खणखणाट झाला होता, आणि चंदर घाईघाईनं म्हणाला होता, "वहिनी, ते राहू द्या, दुसरं घ्या." तिनं दुसरं घेतलं होतं.

त्यानंतर दोन आठवडे तिनं वहीत पाच नोंदी खोट्या केल्या. पोरगा म्हणाला "क्लबामागं", तिनं लिहिलं "ठाऊक नाही". लिहिताना पेन कागदात रुतायचं. देवरेनं विचारलंही, "मावशी, या पोरांना आपण कुठं होतो तेही कळत नाही का?" ती म्हणाली, "प्यालेली असत्यात, साहेब."

तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी सात वाजता, दोन पोरांनी मोटारसायकलवर मध्ये धरून एकाला आणलं. लंकाबाई स्ट्रेचर घेऊन धावली आणि जागीच थबकली. तो ज्ञानेश होता, चंदरचा थोरला. बावीस वर्षांचा. जावेची तब्येत नाजूक असायची, म्हणून याला लहानपणी न्हाऊ-माखू घातलं होतं ते लंकाबाईनंच.

"काकू, पडलो म्हण. गाडीवरनं पडलो."

तिनं कात्रीनं पँट कापली. मांडीत छर्रा घुसला होता, भोवतीची कातडी काळी ठिपकेदार झाली होती. तिचे हात सवयीनं काम करत होते.

"कुठं झालं?"

"तुला ठाऊक नाय का?"

"ठाऊक हाय. तुझ्या तोंडून पायजे."

ज्ञानेशनं डोळे मिटले. "शेडामागं."

"कधी?"

"आत्ता. पावणेसातला."

"कशानं?"

"कट्ट्यानं. माझ्यावर नव्हता धरला, काकू. दोघांचं चाललं होतं, मी सोडवायला मधी गेलो."

डॉक्टर त्याला आत घेऊन गेले. लंकाबाईनं हात धुतले, वही काढली आणि ती नोंद जशीच्या तशी लिहिली. मग मागची पानं उलटली. पाचही पोरं तिला आठवत होती, कुणाची भुवई फाटली होती, कुणाचा अंगठा. एकेक ओळ खोडून तिनं समोर खरं ठिकाण लिहिलं.

सकाळी उजाडल्या उजाडल्या ती ठाण्यात होती. "साहेब, पाच जागी मी खोटं लिव्हलं होतं. ती शेड माझ्या दिराची हाय."

देवरेनं खोडलेल्या ओळी एकेक करून वाचल्या. रागावला नाही, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. "तुमचं नाव कुठंही येणार नाही, मावशी," तो शेवटी म्हणाला.

"येईल, साहेब. घरात कळायला कागद लागत नाय."

त्याच आठवड्यात पाटाच्या पट्ट्यातली ड्युटी बदलण्याची वेळ पोलिसांनी पुढं ढकलली आणि साडेसहाला दोन शिपाई वळणावर उभे राहू लागले. तिसऱ्या दिवशी शेडची झडती झाली. पोत्यांत दोन तलवारी आणि एक कट्टा सापडला. क्लब चालवणारा आत गेला. चंदरला चार तास बसवून ठेवलं आणि सोडलं. घरी न जाता तो सरळ लंकाबाईच्या ओट्यावर आला.

"वहिनी, तुम्हीच ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. "मीच," ती म्हणाली. "पण उशीर केला, चंदरभाऊ. दोन आठवडे लपवलं तुमच्यासाठी. लपवलं नसतं तर ज्ञानाला लागलं नसतं."

चंदरनं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि निघून गेला. महिन्याभरात सव्वा एकराच्या मधोमध काटेरी तार आली.

"मला तरी सांगायचं होतं," गोरक्ष म्हणाला.

"तुम्ही भावाला सांगितलं असतं."

पुढं कित्येक दिवस गोरक्ष तिच्याशी कामापुरतंच बोलला.

वर्षभरात पाटावरच्या टाचण्या निम्म्याहून कमी झाल्या. काही दुसरीकडे उगवल्या, जेलरोडच्या बाजूला. देवरेनं गस्त तिकडे वळवली. पण वरच्या साहेबांना आता आणखी काही हवं होतं. जो दोनदा जखमी होऊन येतो तोच पुढं हत्यार घेऊन उतरतो, असं आकडे सांगत होते. अशा पोरांची नावं द्या, म्हणून वरून विचारणा आली.

"नावं घेऊन काय करणार?" लंकाबाईनं विचारलं.

"तडीपार करतील," देवरे नजर चुकवत म्हणाला.

"मग माझ्याकडं नावं नायीत. कळवा वर, मावशीला लिहिता येत नाय."

केसपेपरवरची नावं तिच्या डोक्यात होती, सतरा. ती त्यातल्या काहींच्या आयांना भेटून आली. दोघींनी चहा पाजला, एकीनं दार लावून घेतलं. पुढच्या वर्षी देवरेची बदली झाली. नव्या साहेबानं टेबलावर संगणक आणला, त्यात नावाचा रकाना पहिला होता. लंकाबाईनं वही द्यायचं बंद केलं.

ज्ञानेशचा पाय बरा झाला तरी थोडा ओढतो. तो पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसवर टेम्पो चालवायला लागला, तिथंच खोली घेऊन राहिला, लग्न केलं. दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत लंकाबाई सुट्टी काढून त्याला भेटायला गेली. त्याच्या बायकोनं, रूपालीनं, जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर दोघं टेम्पोच्या सावलीत उभे होते, समोर बाया घडांतले खराब मणी कातरत होत्या.

"काकू, एक विचारू? त्या दिवशी मी नसतो, दुसऱ्या कुणाचा पोरगा असता, तर तू त्या पाच ओळी खोडल्या असत्या का?"

हायवेवरून ट्रक जात होते. काय सांगावं ते तिनं या चार वर्षांत हजारदा मनाशी जुळवलं होतं, पण त्याच्यासमोर त्यातलं एकही वाक्य उभं राहीना.

"ठाऊक नाय रे, ज्ञाना," ती म्हणाली. "रोज विचारते मी मला."

त्यानं मान हलवली. रागावला की निवला, ते तिला कळलं नाही. त्यानं टेम्पोतून तिला थांब्यापर्यंत सोडलं आणि मालाची वेळ झाली म्हणून लगेच वळला. थांब्यावरचा बाक रिकामा होता. बस यायला अर्धा तास होता. ती बसली, उठली, पुन्हा बसली, आणि मग उभी राहूनच तिनं नाशिकच्या बसची वाट पाहिली.