टेलरकाकूंचं माप

आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या बाईला स्वतःचं माप द्यायची वेळ आली की ती किती अवघडते, हे सायकलवाल्याच्या दुकानात त्या सकाळी कोणी पाहिलं असतं तर त्याला हसू आवरलं नसतं. टेलरकाकू अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. श्वास रोखलेला, मान ताणलेली आणि दोन पायांच्या मध्ये एक जाडजूड पुस्तक. टांगेची लांबी म्हणे अशीच मोजतात. "श्वास सोडा काकू, फोटो नाही काढत," सायकलवाला म्हणाला. काकूंनी सोडला, पण अर्धाच.

बाजूच्या स्टुलावर काका बसले होते. काकांनी जन्मभर बस हाकली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी लांबच्या प्रवासाची सायकल बनवून घेतली. आता तशीच काकूंची बनली की दोघांनी सामान कॅरिअरला बांधून, डोंगर ओलांडून समुद्र गाठायचा, असा बेत होता. बेत लग्न झाल्यापासूनचा होता. दर वर्षी शाळेचे गणवेश नाहीतर कोणाचा तरी कोट मध्ये कडमडायचा आणि समुद्र पुढच्या वर्षावर जायचा. यंदा काकूंचं शिलाईचं दुकान सुनेने सांभाळायला घेतलं, तेव्हा कुठे काकू मोकळ्या झाल्या.

फक्त एक गोष्ट काकूंनी कोणालाच सांगितली नव्हती. वर्षभरापासून त्यांचा डावा खांदा धरला होता. हात वर जात नसे, आणि थोडा वेळ पुढे ताणून ठेवला की बोटं बधिर व्हायची. वरच्या फळीवरचे डबे त्या उजव्या हाताने काढायच्या आणि कोणी बघितलं तर उगाच गुणगुणायच्या. काका म्हणजे शिंक आली तरी डॉक्टरला फोन करणारा माणूस. त्यांना कळलं असतं तर समुद्र कायमचा संपला असता, आणि काकूंना तो हवा होता. लहान मुलासारखा हट्टाने हवा होता.

"आता दोन्ही हात समोर करा, खांद्याच्या रेषेत," सायकलवाला म्हणाला.

उजवा हात गेला. डावा पोटापाशीच अडला. काकूंनी कंबर जराशी वळवली, पाठ भिंतीला रेटली आणि तो हात कसाबसा वर आणल्यासारखा केला.

"छान. अगदी सरळ," सायकलवाला गोड आवाजात म्हणाला आणि कागदावर लिहू लागला. म्हणाला तीन शब्द, पण लिहीत बसला बराच वेळ.

हा गोड आवाज काकूंच्या ओळखीचा होता. तो त्यांचाच होता! पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या तोंडाने चौतीस सांगायच्या आणि छत्तीसवर कापायच्या. गिऱ्हाईक खूश, पँटही बरोबर. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ही आपली मोठी माया. समोरच्या माणसाला ती कशी लागते, ते आज पहिल्यांदा कळलं. राग आला, लाज वाटली आणि वर सुटल्यासारखंही वाटलं. चला, याला समजलंय आणि हा बोलणार नाही.

पण आकडा पोटात ठेवता येतो, हँडल कसं ठेवणार? माप झाल्यावर सायकलवाल्याने दोन हँडलं टेबलावर मांडली. एक काकांच्या सायकलसारखं, ऐटीत खाली वळलेलं, पुढे वाकून हात ताणून धरायचं. दुसरं रुंद, उंच आणि अंगाजवळ येणारं, हात न ताणता आरामात बसून चालवायचं.

"खाली वळलेलंच द्या, माझ्यासारखं," काका उत्साहाने म्हणाले. "वारा लागत नाही."

सायकलवाल्याने हँडलला हात लावला नाही. त्याने काकूंकडे पाहिलं.

काकूंच्या डोळ्यांपुढे समुद्राकडचा लांबलचक उतार आला. बधिर बोटं, खाली वळलेलं हँडल आणि वेळेवर न दाबला जाणारा ब्रेक. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेतून परत फिरायचं, नाहीतर त्याहून वाईट.

"ते उंच द्या," काकू म्हणाल्या. "माझा डावा हात पुढे ताणता येत नाही. वर्ष झालं. जास्त वेळ धरला की बोटांना कळतच नाही."

काका स्टुलावरून उठले. "अगं, वर्ष? आणि मला पत्ता नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"म्हणालो असतो की बसने जाऊ. आताही तेच म्हणतो."

"मग जा तुम्ही बसने. माझं सामानही घेऊन जा, तेवढंच माझं ओझं कमी."

सायकलवाल्याने मान खाली घालून एक स्वच्छ चेन पुन्हा पुसायला घेतली. काका लालबुंद झाले होते. बायकोकडे बघत राहिले, तिच्या त्या खांद्याकडे बघत राहिले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. वर्षभर आपल्या घरात हे चाललं होतं आणि आपण रोज समोर बसून चहा प्यायलो, याचं त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मग घसा खाकरून ते सायकलवाल्याला म्हणाले, "दोन्ही ब्रेक उजव्या हाताला घेता येतात का?"

"येतात की. एकाच मुठीत दोन्ही."

"आणि चढाला गियर?"

"सगळ्यात हलका टाकू. काकू गप्पा मारत चढतील."

"तशाही मारतातच," काका पुटपुटले.

काकू चाकं नसलेल्या मापाच्या सायकलवर चढून बसल्या. सायकलवाल्याने हँडल वर घेतलं, अजून वर घेतलं. काकूंनी डाव्या हाताने ते अलगद धरलं आणि कुठेच कळ आली नाही. त्यांनी बराच वेळ हात तिथून काढला नाही.

"ही उंची बरोबर," सायकलवाला खडूने खूण करत म्हणाला. "हँडलच्या वर उरलेली नळी कापून टाकतो. मग ते आणखी वर घेता येत नाही, पण सायकल देखणी दिसते."

"कापू नका," काकू म्हणाल्या. "दिसू दे कशीही. पुढच्या वर्षी मला हँडल आणखी वर लागेल, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी."