सिग्नलला दमणारा एसी

आमची पिकअप चौदा वर्षांची आहे. पुढे पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. मी ती जुनी घेतली ती बायकोच्या बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीसाठी. ती खुर्ची साध्या गाडीच्या डिकीत मावत नाही. इथे दोन लांब फळ्या लावल्या, मागून थोडा हात दिला, की ती स्वतःच वर चढते.

बायकोला मज्जातंतूंचा आजार आहे. गारव्यात ती वॉकर धरून खोलीभर चालते. पण अंगात उष्णता चढली की पाय तिचं ऐकेनासे होतात, नजर धूसर होते. अंग निवलं की हळूहळू सगळं ताळ्यावर येतं. ती मूळची पुण्याची, सॉफ्टवेअरमधली. आठवड्यातून तीन दिवस आमच्या जयनगरच्या घरून शहराच्या पार दुसऱ्या बाजूला, बेळ्ळंदूरच्या ऑफिसला जाते. घरून काम करायची मुभा आहे, पण ती घेत नाही. "घरी बसले की मीटिंगमध्ये मी नुसता एक चौकोन असते," असं ती म्हणते.

गेल्या मार्चमध्ये गाडीचा एसी कुरबुरायला लागला. घरातून निघताना बर्फासारखी हवा यायची, रिंग रोडच्या गर्दीत अडकलो की कोमट, मग गरम. दोन ठिकाणी दाखवलं. दोघांनीही गॅस कमी झालाय म्हणून गॅस भरला. दोन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी तेच. बायको मात्र त्या गरम केबिनमध्ये ओला पंचा मानेवर टाकून फोनवर काहीतरी टिपत बसायची. मला वाटायचं, ऑफिसचं काम असेल.

मग एका शेजाऱ्याने एका बाईंचं गॅरेज सांगितलं. जयनगरच्या मागच्या गल्लीत, एका गाडीपुरती जागा. बाई पंचावन्नच्या आसपासच्या, आधी फ्रीज दुरुस्त करायच्या, पुढे गाड्यांच्या एसीकडे वळल्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात. मी म्हटलं, "अक्का, गॅस बघता का?"

"गॅस नंतर," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "आधी सांगा, थंड हवा कधी जाते?"

मला धड सांगता येईना. गाडीत बसलेल्या बायकोने खिडकीतून फोन पुढे केला. तिने तीन आठवड्यांची यादी केली होती. किती वाजता हवा गरम झाली, तेव्हा गाडी चालत होती की उभी, परत गार कधी झाली. अक्कांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली.

"मेडम, हे तर अर्धं काम झालं. गाडी उभी राहिली की जातं, पळायला लागली की येतं. म्हणजे पुढच्या जाळीला वारा मिळत नाही."

त्यांनी आधी गॅसचा दाब मोजला. तो ठीक होता. मग गाडीचं पुढचं कव्हर काढून रेडिएटरच्या पुढची, एसीचा गॅस निववणारी कंडेन्सरची जाळी मोकळी केली. तिच्यात वर्षानुवर्षांची धूळ, चिलटं, पानं दाबून बसली होती. अक्कांनी स्वतः बसून, पाणी मारत, मऊ ब्रशने ती साफ केली. तिच्यासमोरचा विजेचा पंखाही चालवून पाहिला, तो भिरभिर फिरला. "सरी, ठीक झालं," त्या म्हणाल्या, "आता त्रास होऊ नये."

पुढचे तीन दिवस ढगाळ होते आणि एसी छान चालला. चौथ्या दिवशी ऊन तापलं आणि बेळ्ळंदूरच्या अलीकडे हवा परत गरम झाली. बायकोचं त्या दिवशी मोठं सादरीकरण होतं. ऑफिसच्या दारात पोचलो तेव्हा तिला पाय खाली टेकवता येईना. तिने तळघरातल्या गार पार्किंगमध्ये वीस मिनिटं मागितली, डोळे मिटून पडून राहिली आणि मग खुर्चीत बसून वर गेली. सादरीकरण झालं. कसं झालं विचारलं तर म्हणाली, "स्लाइड दिसत नव्हत्या. पाठ होत्या म्हणून निभावलं."

मी चिडूनच अक्कांना फोन केला. त्या शांतपणे ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी चूक झाली. मी पंखा गार असताना तपासला, तापल्यावर बघायला हवा होता. उद्या दुपारी गर्दीत जाऊ. मेडमना आणू नका. बिघाड होईपर्यंत थांबायचं आहे."

चूक झाली असं सरळ सांगणारा मेकॅनिक मला तोवर भेटला नव्हता. माझा राग तिथेच गेला.

दुसऱ्या दिवशी बाराच्या उन्हात आम्ही दोघं रिंग रोडला लागलो. अक्का मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन, हात एसीच्या झडपेपुढे धरून बसल्या होत्या. अर्ध्या तासाने म्हणाल्या, "गेली. बाजूला घ्या, इंजिन बंद करू नका."

पेट्रोल पंपाच्या कडेला बॉनेट उघडलं. इंजिन चालू, एसी चालू, आणि कंडेन्सरचा पंखा मात्र निश्चल. इंजिनचा स्वतःचा पंखा वेगळा, तो फिरत होता, म्हणून इंजिन कधी तापलं नाही आणि कोणाला संशयही आला नाही. अक्कांनी वायरीला छोटा दिवा लावला. तो पेटला.

"वीज येतेय," त्या म्हणाल्या. मग हातोडीच्या लाकडी दांड्याने मोटरच्या पाठीवर दोनदा हलकेच ठोकलं. पंखा अडखळला आणि फिरू लागला. थोडा वेळ फिरून परत बंद पडला.

"मोटरला आत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजलेत. गार असताना टेकतात, तापले की सुटतात," त्यांनी समजावलं. घामाने त्यांची पाठ भिजली होती, पण चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

आमच्या मॉडेलची मोटर मिळेना. अक्कांनी जुनीच उघडून नवे कार्बन बसवले. मग गाडी भर उन्हात उभी करून इंजिन चालू ठेवलं आणि केबिनमध्ये थर्मामीटर लावून पाऊण तास त्या आत बसल्या. मीही आत बसायला निघालो, तर त्यांनी मला सावलीत पाठवलं. मला म्हणाल्या, "तुम्ही कशाला तापता? ज्यांना बसायचंय त्यांच्यासाठी मी आधी बसून बघते."

एप्रिलभर सिग्नललाही हवा गार राहिली. मे महिन्यात बायको एकदा मुद्दाम गॅरेजवर आली, वॉकर धरून गाडीतून उतरली आणि दारापर्यंतची आठ पावलं चालत गेली. अक्का हातातलं काम ठेवून उठल्या, पण मदतीला पुढे आल्या नाहीत. ती पोचेपर्यंत उभ्या राहिल्या, मग स्टूल पुसून दिलं. दोघींचं मोडक्या हिंदीत बराच वेळ चाललं होतं. अक्कांना मोबाइलवर तशीच यादी कशी करायची ते शिकायचं होतं, आणि बायकोला त्या दाबाच्या मीटरवरचे आकडे वाचायचे होते.