पिल्लांचा खोका

बटेर बिनडोक पक्षी आहे, हे मी प्रेमाने म्हणते. घाबरला की पळायचं सोडून सरळ वर उडी मारतो आणि डोकं फोडून घेतो. म्हणून त्याला दूर न्यायचं तर खोका ठेंगणा हवा, जेमतेम वीतभर उंचीचा. तळाला पोत्याचा तुकडा, म्हणजे पाय फाकत नाहीत. पाण्याची वाटी सांडते, त्यापेक्षा काकडीच्या फोडी बऱ्या. आणि लहान-मोठे एका खोक्यात कधीच भरायचे नाहीत.

गेल्या हिवाळ्यात हा सगळा खटाटोप मी धाकट्या बहिणीसाठी केला. नवऱ्याने टाकल्यापासून ती आरमोरीजवळ आमच्या भावाकडे राहते. तिची नुकती बोलायला लागलेली पोर मात्र सासरच्यांनी ठेवून घेतली. "आधी आपल्या पायावर उभी राह्य, मंग पोरगी ने," असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. तो राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही.

मूल गावी माझा बटेरांचा धंदा बरा चालला होता. अंड्यावरच्या, म्हणजे अंडी देत असलेल्या, माद्या तिला द्यायच्या, म्हणजे हातात लगेच काहीतरी येईल, असं मी ठरवलं. पण त्या उतरतीला लागलेल्या, त्यामुळे खरी भिस्त सोबतच्या पिल्लांवर होती. माद्या थकेपर्यंत ती अंड्यावर आली असती.

निघायच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. पिल्लांच्या खोक्यात मी धानाचा भुसा पसरला, भोकं लहान ठेवली आणि वरून जुनं लुगडं गुंडाळलं. सासूबाई शेकोटीपाशी बसून बघत होत्या.

"लेकरं एकटीच काऊन कोंबली? मायजवळ ठेव ना," त्या म्हणाल्या.

"हे अंडी उबवायच्या मशीनमधले आहेत, आई. यांच्या माद्यांना पिल्लं पोसता येत नाहीत."

"अशी कोणती माय राह्यते?"

त्यांनी जन्मभर गावठी कोंबड्या पाळल्या. कोंबडी पंख उचलते आणि पिल्लं खाली शिरतात, एवढंच त्यांनी पाहिलेलं. शिवाय बहिणीच्या पोरीचं त्यांना फार लागलं होतं. मी वाद घातला नाही, आंघोळीला गेले.

गोंदियाच्या गाडीत खोके एकावर एक रचून पायाशी ठेवले. चिवचिव नागभीडपर्यंत ऐकू येत होती, मग थांबली. झोपली असतील, असं वाटलं. वडसाला उतरून जीपने बहिणीकडे पोचले.

तिने कोपऱ्यात जुन्या साड्यांचा आडोसा करून पिल्लांसाठी बल्ब लावून ठेवला होता. भावजय विजेच्या बिलावरून कुरकुरत होती. बहिणीने आधी पिल्लांचाच खोका सोडला. आत नुसता भुसा. मी माद्यांचा खोका उघडला. माद्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि त्यांच्या पायांखाली पिल्लं चेंगरून पडली होती. काहींची डोकी टोचून फोडलेली होती. मी आंघोळीला गेल्यावर सासूबाईंनी सुतळी सोडून लेकरं मायजवळ नेली होती.

मी लगेच त्यांना फोन लावला. पलीकडून त्यांनीच आधी विचारलं, "पिल्ले उबेत पोचले ना, बाई?"

मी तोंड उघडायच्या आत बहिणीने हातातून फोन काढून घेतला. "हो मावशी, पोचले," ती म्हणाली. "मायजवळच होते."

पिल्लं तिने परसात पुरली. मला मदत करू दिली नाही. मी हिशेब मांडत बसले. होळीपर्यंत माझं मशीन दुसऱ्यांच्या अंड्यांनी भरलेलं, आणि त्यानंतर आमच्याकडच्या उन्हात, मग पावसाळ्याच्या ओलीत पिल्लं न्यायची म्हणजे मारायचीच.

"दिवाळीत पुन्हा आणते," मी म्हणाले. "तोवर या माद्यांवर भागव."

ती हात धूत होती. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "ताई, दिवाळीपर्यंत पोरगी मले ओळखन का?"